अर्ज करायला लावणारे कादर सर

कादर सर गेल्याचं त्यांच्या मुलानं, रहमतनं, फोनवर सांगितलं तेव्हा परीक्षेचे दिवस होते आणि ग्रंथालयात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारचं जेवण झालं, सर जरा आडवे झाले, चहासाठी हाक मारली तर उठले नाहीत... एवढंच. मी फोन ठेवला, समोरच्या मुलीला तिचं पुस्तक इश्यू करून दिलं आणि मग आतल्या खोलीत जाऊन बसले. आम्ही कॉलेजचे लोक सरांच्या गावी, हसनाबादला, पोचलो तोवर दफन झालं होतं. अंगणात सतरंजीवर माणसंच माणसं. त्यांतले निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेले. जो तो सांगत होता, मला पहिला अर्ज सरांनीच भरायला लावला. कुणीतरी सरांच्या आवाजाची नक्कल केली आणि भरल्या डोळ्यांनी सगळे हसले. रहमत जरा गोंधळला. आतून सरांच्या पत्नीचा, आमच्या चाचींचा, आवाज आला, "हसने दो उनको. रोने का काम उनो किसीको कभी दियेच नइं."

खरं होतं ते. मी ग्रंथालय सहायक म्हणून लागले तेव्हा आमचं कॉलेज नवं होतं, इमारतीला गिलावाही नव्हता. पुस्तकं मात्र भरपूर, आणि त्यांची सूची अशी काही नव्हतीच. कुठलं पुस्तक कुठं आहे ते फक्त ग्रंथपालांना, म्हणजे कादर सरांना, ठाऊक. याचं त्यांना भूषण नव्हतं, लाज वाटायची. "मी उद्या आजारी पडलो तर सगळी लायब्ररी आजारी पडंल," म्हणायचे. विद्यापीठ दरवर्षी ग्रंथालयातल्या लोकांना प्रशिक्षणासाठी अनुदान द्यायचं. त्याचं परिपत्रक आमच्याकडं बहुधा मुदत संपता संपता यायचं. आलं की सर ते उभं राहून मोठ्यानं वाचत, जणू गावात दवंडी देतायत. मग माझ्याकडं बघत. "सुमनबाई, काढा कागद."

पहिला अर्ज मी शाळेत शिकल्याप्रमाणं लिहिला. कृपा व्हावी, उपकार व्हावेत, आपली आज्ञाधारक. सरांनी चष्मा कपाळावर नेला. "भीक मागून राह्यल्या का तुम्ही? काय शिकणार अन् शिकून इथं काय करणार, तेवढं लिवा. बिलकुल सरळ." मी पुन्हा लिहिला. तो नाकारला गेला. पुढच्या वर्षीचाही. सर नकाराचं पत्र हातात घेऊन खुशीत म्हणाले, "बघा, उत्तर आलं. म्हंजे अर्ज पोचतो. अर्धं काम झालं." या माणसाला निराश कसं करावं हे विद्यापीठाला शेवटपर्यंत जमलं नाही.

तिसऱ्या खेपेला अनुदान मंजूर झालं. हैदराबादला महिनाभर राहून सूचीकरणाचं काम शिकायचं. एका कॉलेजातून एकच नाव पाठवता यायचं आणि सरांना स्वतःलाही ते शिकायचं होतं. वयाच्या अटीत बसायचं त्यांचं ते शेवटचं वर्ष. तरी त्यांनी माझंच नाव धाडलं होतं. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तुमची नोकरी अजून लई बाकी हाये. तुम्ही शिकला तर लायब्ररीला जास्त दिवस पुरंल."

पण माझ्या घरी कुठं सगळं सोपं होतं! आम्ही वाटूरला राहायचो. मुलगी नुकती चालायला लागलेली. आमचे हे तयार होते, पण घरात शब्द चालायचा सासूबाईंचा, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंनी एका वाक्यात निकाल दिला. "लेकरू टाकून बाईमाणूस मुलखाभर हिंडतं का कुठं?" मी सरांना जाऊन सांगितलं, नाव मागं घ्या. सरांनी नाव मागं घेतलं नाही. रविवारी चाचींना घेऊन ते आमच्या दारात हजर झाले.

ओसरीवर बसून सरांनी आत्याबाईंशी आधी कापसाच्या गप्पा मारल्या, मग गुडघेदुखीच्या. परवानगीचं नावच काढेनात. माझा जीव टांगणीला. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही हैदराबाद पाह्यलं का?"

"म्या कशाला पाहू? म्या तर औरंगाबाद बी न्हाई पाह्यलं."

"मंग चला की. सुमनबाई शिकायला जातील, तुम्ही नातीला घेऊन जा. माझ्या मेव्हणीचं घर हाये तिथं. दोन खोल्या वरती रिकाम्याच हायेत, चूल तुमची तुम्ही वेगळी मांडा."

मी आणि हे एकमेकांकडं बघायलाही धजत नव्हतो. तेवढ्यात चाची पदर सावरत म्हणाल्या, "मेरी बहन अकेलीच रहती, अम्मा. तुम गये तो उसकू बी बरा वाटेगा." आत्याबाईंनी नातीला मांडीवर ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "गाडी परतूरहूनच भेटती ना?"

परतूरला हैदराबादची, काचीगुड्याची गाडी आली तेव्हा आत्याबाईंच्या हातात भाकरीच्या पिठाची पिशवी, काखेत नात, आणि चेहरा असा की जणू अर्ज त्यांचाच मंजूर झालाय! तिथं मी दिवसभर वर्गात, आणि आत्याबाई नि सरांची मेव्हणी, दोघी बाया अंगणात. एकीला उर्दू येईना, दुसरीला मराठी. पण आठवडाभरात सरांच्या मेव्हणीला पिठल्याची चटक लागली आणि आत्याबाई मला विचारायला लागल्या, "जल्दी आलीस आज?" परतताना त्या दोघी फाटकात गळ्यात गळा घालून रडल्या. मुलगी पाणी मागताना "पानी" म्हणायला लागली होती. पुढं कित्येक वर्षं, परिपत्रकाचे दिवस आले की आत्याबाई जेवताना विचारायच्या, "औंदा अर्ज न्हाई भरला का गं?"

मी शिकून आले आणि सर माझ्यासमोर वही घेऊन बसले. हो, ते माझे वरिष्ठ. रोज दुपारी, वाचनकक्ष रिकामा झाला की, मी शिकलेलं त्यांना शिकवायचं. चुकले की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायचे. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या पुस्तकांची सूची उभी केली आणि मग सरांनी खरोखर आजारी पडून दाखवलं, दोन दिवस. "बघत होतो, चालते का माझ्याबिगर," परत आल्यावर म्हणाले. चालली होती. त्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सर निवृत्त होऊन हसनाबादला गेले, त्यांच्या जागी मी आले, आणि काही वर्षांनी ग्रंथालयांत कॉम्प्युटर शिरला. सरांच्याच पद्धतीनं, बिलकुल सरळ, मी विद्यापीठाला अर्ज लिहिला: लोक लांब पाठवण्यापेक्षा शिकवणाऱ्यांनाच आमच्याकडं पाठवा, जिल्ह्यातले सगळे शिकतील. तो मंजूर झाला. मी उद्घाटनाचे पाहुणे म्हणून सरांना बोलवायला फोन केला.

"पाहुणा म्हणून येत न्हाई," सर म्हणाले.

"का हो सर?"

"पाहुणा हार घालून घेतो अन् जेवून जातो. मला शिकायचंय. बसू द्याल का शेवटच्या बाकावर?"

निवृत्त माणसाला अनुदान लागू नव्हतं. मी विद्यापीठाला विचारलं, उत्तर आलं की स्वतःच्या खर्चानं बसायला हरकत नाही. सर जालन्याला बस बदलून आले आणि आठवडाभर वाटूरला आमच्याकडंच राहिले. म्हाताऱ्या झालेल्या आत्याबाई त्यांना रोज सकाळी डबा देत आणि संध्याकाळी दारातच गाठत, "आज काय शिकला, सर?" पहिल्या दिवशी माउस त्यांच्या हातातून पळायचा. शेजारी बसलेली पोरं खुदखुदायची, सर त्यांच्याहून मोठ्यानं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. त्यांचं नाव पुकारलं तसे ते टोपी नीट करून उठले, आणि अख्खा वर्ग उभा राहिला. सरांना वाटलं चहाची सुट्टी झाली. ते मागं वळून म्हणाले, "अरे बसा, माझं तर होऊ द्या!"

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी पुन्हा हसनाबादला गेले होते. चाची मला स्वयंपाकघरातच घेऊन बसल्या. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे क्रमांक घातलेली. शिकून आल्यावर हात बसावा म्हणून सरांनी रहमतच्या कॉम्प्युटरवर सूची करायला घेतली. घरात पुस्तकं थोडी, म्हणून मसाले घेतले. चाचींना अक्षर येत नाही, पण सगळे क्रमांक पाठ. सुनेला त्या क्रमांकानंच जिरं मागत होत्या. सून हसत मला म्हणाली, "नवे डबे आणले तर अम्मी घेऊ देत न्हाईत."

चहात घालायला वेलदोड्याचा डबा पाहिला, तर फळीवर त्याची जागा मोकळी. सून शोधायला लागली. चाचींनी तिला हातानं थांबवलं.

"ढूंढो नको," त्या म्हणाल्या. "उनो बोलते थे, फळीपे खाली जगा दिखी तो घबराने का नइं. चीज गुम नइं हुई... इश्यू हुई है."