उशिरा दिलेलं पहिलं मत

बाहरीनच्या इस्पितळात मी नर्स होते तेव्हा मराठी बोलणारा पेशंट क्वचितच भेटायचा. जवळच्या सित्रा बेटावरच्या एका कारखान्यात पायावर पाइप पडून जखमी झालेला फिटर आमच्या वॉर्डात आला. हिंदीत काही विचारलं की नुसती मान हलवायचा. प्लास्टर घालताना मात्र ओरडला, "आये, मेलो गं!"

मी म्हटलं, "मरत नाही तुम्ही, दादा. पाय तेवढा हलवू नका."

दुखणं विसरून तो माझ्याकडे बघतच राहिला.

बरा झाल्यावर तो शुक्रवारी आमच्या झिंजच्या फ्लॅटवर जेवायला येऊ लागला. मी वसईची ख्रिस्ती, तो नगरकडचा पारधी. माझ्या मिस्टरांशी त्याची चांगलीच गट्टी जमली. येताना कोळंबी आणायचा आणि मी ती नारळात शिजवली की दोनदा वाढून घ्यायचा.

एका शुक्रवारी रेडिओवर भारतातल्या निवडणुकीच्या बातम्या चालल्या होत्या. कोण जिंकणार यावर मिस्टर तावातावानं बोलत होते. मी पाहुण्याला विचारलं, "तुमच्या गावात कुणाचा जोर आहे?"

"काय की. मला न्हाई मत."

"इथं बसून आम्हालाही नाहीच."

"तसं न्हवं, सिस्टर. गावात असलो तरी न्हाई. मी जेलात जाऊन आलोय."

मिस्टरांनी रेडिओ बंद केला.

इंग्रजांनी त्याच्या जमातीला जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. कायदा गेला, पण गावाच्या डोक्यातून तो गेला नव्हता. कुठं चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर यायचे. ऐन तारुण्यात त्यालाही असंच उचललं आणि न केलेल्या चोरीसाठी त्यानं शिक्षा भोगली. सुटून आल्यावर तो मत द्यायला शाळेत गेला, तेव्हा गावच्या पाटलानं त्याला दारातूनच हाकललं. "जेलात गेलेल्याला मत नसतंय. आन् तुमाला तर न्हाईच न्हाई." ते त्यानं खरं धरलं होतं.

"अहो, कैदेत असेपर्यंतच देता येत नाही," मिस्टर म्हणाले. "सुटलात की मत तुमचंच."

"तुमी बरं वाटावं म्हून सांगताय, सायेब."

पुढच्या रजेत मिस्टरांनी वसईच्या एका वकिलांना मुद्दाम विचारलं आणि परत आल्यावर त्याला सांगितलं, तेही हेच म्हणाले.

"वकील सोता म्हनले?"

"स्वतः म्हणाले."

त्यानंतर तो सुटीवर गेला आणि बायकोला घेऊन त्यानं तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. आज साहेब नाहीत, उद्या या, असं करत करत शेवटी मतदार यादीत दोघांची नावं चढली. पुढची निवडणूक जाहीर झाली तेव्हा त्यानं कंपनीकडे रजा मागितली.

"घरी कोण वारलं का?" फोरमननं विचारलं.

"न्हाई. मत द्यायचंय."

कंपनीच्या बसमध्ये त्याची भरपूर थट्टा झाली. पण रजा शिल्लक होती, ती मिळाली.

परत आला तो बॅग घेऊन थेट आमच्याकडेच. मी दार उघडलं तर डाव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरून उभा. नखावर शाईची काळी रेघ.

"आत तर या!" मी म्हटलं.

चहा निवला तरी तो सांगतच होता. रांगेत कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा पाय मागं सरकले होते. पण बायको पाठीशी उभी होती, तिनं हलू दिलं नाही. टेबलापाशी परगावचे एक मास्तर बसले होते. त्यांनी नाव वाचलं, वर बघितलं आणि म्हणाले, "या, इथं अंगठा करा."

"मला 'या' म्हनले, सिस्टर. त्याच शाळेत."

मिस्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हळूच विचारलं, "मत दिलंत कुणाला?"

"ते सांगायचं नसतंय म्हनं!" डोळे पुसत तो हसला.

मग एकदम गंभीर झाला. पालांवर अजून कितीतरी जणांची नावं नव्हती. वसईचे वकील त्यांच्याकडे येतील का, असं त्यानं मिस्टरांना विचारलं.

वकिलांना काही जमलं नाही. पुढच्या सुटीत पालावरच्या लोकांना घेऊन तोच तालुक्याला गेला.