जावंनं नेसलेलं माझं लुगडं
स्पिरिटचा वास आला की बारामतीचा दवाखाना आठवतो. मालकांच्या छातीत दुखलेलं, सलाईननं जरा बरं वाटलं. मी म्हनलं, "सांजच्याला घरी न्हेते, म्हस दुसऱ्या कुणाला धार काढू देत न्हाय." नर्सबाई म्हनली, "आजी, डॉक्टर ठेवा म्हणत्यात. आत्ता आजोबा नुसते देखरेखीखाली हायती. ॲडमिट करून चोवीस तास ऱ्हायल्याबिगर इमा मिळायचा न्हाय." "आन म्हस? घरी नुसती जाऊ हाय." "जावंला तुमचं लुगडं नेसवा, म्हशीला वास तुमचाच येईल. माझी आई तसंच करायची." तिनंच घरी फोन लावून दिला. म्हशीनं दूध दिलं, मालक ॲडमिट झाले. पहाटं त्यांना पुन्हा झटका आला, तवा डॉक्टर उशाशीच हुता. बिल इम्यानं भरलं. आता मालक शेजारी बसून चा पित्यात. एवढी शिकलेली पोर, पन माझ्या म्हशीला हसली न्हाय, ह्याचं मला अजून नवल वाटतंय.