नवानं भाग जाणारच

मी गणिताचा मास्तर. सासुरवाडीला गेलो तरी खुमखुमी जात नाही. परवा धावड्याला सासऱ्यांना म्हणालो, "मामा, एक ते नऊ आकडे एकेकदाच घ्या, पाहिजे तसे उलटेपालटे सांगा. जी मोठी संख्या होईल तिला नवानं भाग जाणार म्हणजे जाणारच!"

सासऱ्यांची हयात खळ्यावर धान्य मापण्यात गेलेली. डोळे मिटून ते म्हणाले, "सात, चार, लाभ, नऊ, दोन, सहा, आठ, पाच, तीन."

मधलं 'लाभ' मला देवाचं नाव घेतल्यासारखं वाटलं. बाकीचे आकडे पेपरच्या कडेला उतरवले, भाग दिला, तर बाकी आठ! सासूबाई खुदकन हसल्या. माझं डोकं सणकलं.

"मामा, सगळ्यांची बेरीज पंचेचाळीस पाहिजे. आठ उरले म्हणजे एक तुम्ही खाल्ला!"

"खाल्ला? पहिल्या मापाला कुणी एक म्हणतं का? लाभच म्हणतेत!"

मी मुकाट्यानं तिसऱ्या जागी एक घातला. भाग बराबर गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं: मास्तर जावयानं कागदावर करून दाखवलं, लाभ म्हणल्याशिवाय भाग जात न्हाई.