कशाबद्दल माफी

नवऱ्याला सोडायचं हे ग्लेनिस नॉस्केनं अडुसष्टाव्या वर्षी ठरवलं, तेही भांडी विसळता विसळता. रडारड नाही, आदळआपट नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्लेम दिसत होता. कालवांच्या जाळीच्या टोपल्या ट्रेलरवर चढवत होता, पाठमोरा. तिला वाटलं, आयुष्यभर ही पाठच बघितली. आता पुरे.

तिनं पर्थला मुलीला फोन लावला.

"केरिन, मी पोर्ट लिंकनला एक घर बघून ठेवलंय. छोटंसंच आहे. एकटीपुरतं."

"एकटीपुरतं? आई, बाबांनी केलं तरी काय?"

"काही नाही. तेच तर सांगतेय. जन्मभर काही केलं नाही."

केरिननं आईला गळ घातली, की निदान एकदा दोघांनी मिळून कुणाशी तरी बोला, मग काय करायचं ते कर. त्यांच्या स्मोकी बेसारख्या खाडीकाठच्या छोट्या गावात असं माणूस कुठून असणार? जवळच्या सेडूना गावात अधूनमधून एक समुपदेशक बाई यायची, पण दवाखान्यापुढे कुणाची गाडी उभी आहे हे समोरच्या बेकरीत पाव घेणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. जेवायच्या वेळेपर्यंत नॉस्क्यांच्या संसाराची बातमी फुटबॉल क्लबात पोचली असती. म्हणून केरिननं ऑनलाइन बाई शोधून दिली. अ‍ॅडलेडची डेस्पिना. चाळिशीतली, केस बारीक कापलेली, कमी बोलणारी.

ग्लेनिसला वाटलं होतं क्लेम उडवून लावेल. तो म्हणाला, "बसू की. तू सांग कधी ते." ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तो जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला. चेहरे नीट दिसावेत म्हणून ग्लेनिसनं लॅपटॉपखाली पाककृतींची जाड पुस्तकं सरकवली.

"काय पोरी, तिकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?" क्लेमनं डेस्पिनाला विचारलं. डेस्पिना हसली. इकडतिकडचं बोलणं झाल्यावर तिनं ग्लेनिसला बोलतं केलं, आणि ग्लेनिसनं सगळं टेबलावर ओतलं. हा माझं ऐकत नाही. चार वेळा सांगितलेलं पाचव्यांदा विचारतो. सेडूनाला सामान आणायला गेलो तर मला दुकानात विसरून घरी निघून आला. वाढदिवस विसरला. "मुद्दाम करतो हो. त्याला फक्त भरती-ओहोटी कळते. माणसं कळत नाहीत."

"क्लेम, तुम्हाला काय वाटतं?"

"ती म्हणते ते बरोबरच असणार," क्लेम म्हणाला. "बाईमाणसाशी वाद घालण्याइतका मी खुळा नाही." आणि थोड्या वेळानं, अगदी प्रेमानं, "काय पोरी, तिकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?"

"बघा!" ग्लेनिस उसळली. "बघा, कसा थट्टेवारी नेतो ते!"

डेस्पिना दोघांशी वेगवेगळंही बोलायची. तशा एका बैठकीत, झोपायच्या खोलीचं दार लावून, ग्लेनिसनं जोआनचं नाव काढलं. केरिननंतरची ही मुलगी दिवस भरण्याआधीच झाली. विमानानं ग्लेनिसला अ‍ॅडलेडला नेलं. जोआन काचेच्या पेटीत आठवडाभर जगली. तो आठवडा ग्लेनिस रोज दाराकडे बघत होती. क्लेम आला नाही. त्याच वर्षी त्यांनी खाडीत कालवांची शेती मांडली होती. पहिलंवहिलं बी आलं होतं आणि वारा सुटला होता. "त्यानं कालवांची पिल्लं वाचवली," ग्लेनिस म्हणाली. "मी घरी आले तर म्हणाला, चहा घेतेस का? त्यानंतर आजतागायत ह्या घरात तिचं नाव निघालेलं नाही."

"तुम्ही काढलंत का कधी?"

"मी कशाला काढू? मी होते ना तिथं!"

"ग्लेनिस, आता त्यांच्याकडून तुम्हाला काय हवंय?"

"त्यानं एकदा म्हणावं, मी यायला हवं होतं. बस. मग मी सुखानं जाईन."

पुढच्या खेपेला डेस्पिना म्हणाली, "एक सुचवू का? क्लेमना आधी डॉक्टरांना दाखवा. हे विसरणं, परत परत विचारणं, हा स्वभाव नसेलही."

ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यानं तुम्हालाही खिशात घातलं म्हणायचं. गोड बोलतो ना! तुम्ही त्याला पळवाट देताय. आजारी म्हटलं की संपलं, मग मी कुणाला जाब विचारायचा?" आणि तिनं धाडदिशी लॅपटॉप मिटला.

पण त्याच महिन्यात शेजारच्या शेतीवाल्या ट्रॉयचा फोन आला. क्लेमची होडी ओहोटीत चिखलावर बसली होती आणि क्लेम होडीत. ज्याला बघून बाकीचे खाडीत उतरायची आपापली वेळ ठरवायचे, तो क्लेम नॉस्के. ट्रॉयनं त्याला धक्क्यावर आणून सोडलं. "काय रे म्हाताऱ्या, उन्हं खायला गेला होतास काय?" तो हसत होता, पण ग्लेनिसकडे बघायचं टाळत होता. क्लेमही हसत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड उन्हानं लाल. गाडीत बसल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, "ग्लेन, पाणी गेलंच कसं गं?"

सेडूनाचा दवाखाना झाला. अ‍ॅडलेडच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं दाखवून समजावलं, की हे आजचं नाही, चारपाच वर्षं तरी झाली असतील. आता ते पुढेच जाणार. क्लेम मान डोलावत होता आणि बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "भला माणूस दिसतो. काय विकतो?"

ग्लेनिसनं पोर्ट लिंकनच्या घरमालकाला नाही म्हणून कळवलं. मोठ्या मनानं नव्हे. दुसरं सुचेनाच. मग डेस्पिनाला फोन करून म्हणाली, "मी तोंडाला येईल ते बोलले. पण मला आणखी एकदा त्याच्याबरोबर बसायचंय. त्याला थोडं तरी कळतंय तोवर."

"मी असेन," डेस्पिना म्हणाली. "पण ग्लेनिस, जे हवंय ते मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

ती सकाळ बरी होती. क्लेमनं बुटांचे बंद स्वतः बांधले होते, कोंबड्यांना दाणे टाकले होते. ग्लेनिसनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. पडद्यावर डेस्पिना होती.

"क्लेम, आपली जोआन अ‍ॅडलेडला होती. त्या आठवड्यात तू का आला नाहीस?"

क्लेमनं तिच्याकडे नीट बघितलं. हात पुढे करून तिचा हात धरला. "चुकलं माझं, ग्लेन," तो म्हणाला. "मला माफ कर."

अर्धं आयुष्य जे शब्द ऐकण्यासाठी ती थांबली होती ते असे पहिल्याच प्रश्नाला आले. ती रडायला लागली आणि रडता रडता तिच्या तोंडून निघून गेलं, "कशाबद्दल, क्लेम?"

तो तिच्या चेहऱ्यावर शोधू लागला. इकडून तिकडून, डोळ्यांत, ओठांवर. कपाळाला आठ्या पडल्या. "जे काय असेल ते," शेवटी तो म्हणाला. "तू रडतेयस ना."

ग्लेनिसनं पडद्याकडे बघितलं. डेस्पिनानं तोंडावर हात धरला होता.

त्यानंतर क्लेम सगळ्याचीच माफी मागू लागला. चहा सांडला तरी, कुत्रं भुंकलं तरी, दिवे गेले तरी, "चुकलं माझं, ग्लेन." तोच आवाज, तोच हात पुढे. ग्लेनिसनं एकदा ओरडून सांगितलं, "नको म्हणूस ते!" त्यावरही त्यानं माफी मागितली.

दोघांच्या बैठका बंद झाल्या. ग्लेनिस मात्र एकटी बसत राहिली. "मी आता भांडू कुणाशी?" तिनं डेस्पिनाला विचारलं. "ज्याच्यावर माझा राग तो माणूसच निघून गेला, आणि हा जो उरलाय त्याला मी अंघोळ घालते. रागाचं मी काय करू, ते सांगा. तुम्ही शिकलायत ना हेच."

"मला माहीत नाही, ग्लेनिस," डेस्पिना म्हणाली. ग्लेनिसला तिचा राग आला नाही. उलट ती दर आठवड्याला बसत राहिली ती बहुधा त्या उत्तरामुळेच.

हिवाळ्यात शेती ट्रॉयच्या ताब्यात गेली. एका दुपारी ग्लेनिस क्लेमसाठी मासा तळत होती. क्लेम मागे बसून बटाटे चाचपत होता. अचानक म्हणाला, "गेलो होतो की मी."

"कुठं?"

"पोर्ट ऑगस्टापर्यंत. वाऱ्यातच निघालो. तिथं पेट्रोल भरलं आणि बसून राहिलो गाडीत. पुढं जाववेना. ती जाईल आणि मी तिथं उभा असेन, असं वाटलं. मग फिरलो माघारी."

पोर्ट ऑगस्टा अ‍ॅडलेडच्या वाटेवरच, निम्म्याच्याही पुढे. तिनं गॅस बंद केला, त्याच्यासमोर उकिडवी बसली. "क्लेम, हे खरं? कधी गेला होतास? मला सांगितलं का नाहीस?"

"काय?" क्लेम म्हणाला. "मासा करपला का? चुकलं माझं."

ती रात्रंदिवस तेवढंच घोळवत राहिली. तेव्हा कुणी बघितलं असेल? त्याचा भाऊ गेला, सासूबाई गेल्या. केरिन तेव्हा तीन वर्षांची. विचारायला जिवंत माणूस उरलं नव्हतं. तिनं मनाशी त्या पेट्रोल पंपावरची गाडी उभी केली, आत तरुण क्लेम बसवला, आणि तिला त्याची पहिल्यांदा कीव आली.

आठवडा गेला असेल. ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती तेव्हा तो म्हणाला, "मी धरलं होतं तिला. त्या काचेच्या पेटीतून नर्सनं काढून दिली. एवढीशी होती." आणि त्यानं दोन्ही तळव्यांची ओंजळ करून दाखवली. आकार बरोबर होता. पण तो तिथं नव्हता. हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं, कारण तिथं ती होती.

"मग पोर्ट ऑगस्टा पण तसंच?" तिनं डेस्पिनाला विचारलं. "दोन्ही खोटं, की एक खरं? कसं ओळखायचं?"

"ओळखता येणार नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही, ग्लेनिस. मला वाटलं म्हणून तसं झालं होतं असं नाही ना."

ग्लेनिस हलकंसं हसली. बाहेर पोर्चवर क्लेम ओंजळ पुढे धरून ट्रॉयला काहीतरी दाखवत होता. ट्रॉय मान डोलावत होता. ग्लेनिसला शब्द ऐकू येत नव्हते. उठून खिडकी उघडावी असं तिला वाटलं, पण ती उठली नाही.