पोरं माझीच आहेत

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. एका मोठ्या नेत्याच्या बोलण्याचा अर्थ लावावा एवढी माझी समज नाही. तरी लिहितो आहे. चुकलं तर माफ करा.

मोर्चात एसटीवर दगडफेक झाली. माझा रूममेट महादेव, त्याचा थोरला भाऊ त्या गाडीचा ड्रायव्हर. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध होता. दुसऱ्या दिवशी मोर्चाचे नेते, सगळे त्यांना साहेब म्हणतात, टीव्हीवर मान खाली घालून म्हणाले, "दगड मारणारी पोरं माझीच आहेत." त्यावरून गदारोळ उठला. मेसमधल्या टीव्हीवर तेच परत दाखवत होते, तेव्हा महादेवने ताट बाजूला सारलं.

"पोरं याची, मग माझा दादा कुणाचा?"

मी मात्र साहेबांच्या खाली गेलेल्या मानेकडे बघत होतो. आमच्या गावात पोराने कुणाची कौलं फोडली, की बाप आधी त्या घराच्या अंगणात जाऊन असाच उभा राहतो. "पोरगं माझंच आहे, काय बोलायचं ते मला बोला," म्हणतो. त्यात पोराला पाठीशी घालणं नसतं, दोष आपल्या अंगावर घेणं असतं. गर्दीपुढे बोलायची सवय असलेल्या माणसाला हे किती जड जात असेल.

महादेवला मी भीतभीत हे सांगितलं.

"बाप अंगणात तरी जातो लेका," तो म्हणाला. "हे टीव्हीवर बोलतायत."



आज त्याच्या वहिनींचा फोन आला. दादा शुद्धीवर आलेत. साहेब सकाळी दवाखान्यात आले होते. वहिनी तोंडाला येईल ते बोलल्या, ते ऐकत उभे राहिले. तिथून ते पोलीस ठाण्यात गेले, दगड मारणाऱ्या पोरांना सोबत घेऊन.