गारठलेल्या पेशी

प्रयोगशाळेत सगळे तिला पाराबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. पारा चढायला वेळ लागत नसे म्हणून. कॅन्सरच्या पेशी वाढवण्यात बावीस वर्षं गेली, तरी कुणी काम बिघडवलं की तिचं डोकं पहिल्या दिवसासारखंच तापायचं.

त्या दिवशी तापायला कारणही तसंच होतं. पेशींची प्लेट त्रेचाळीस अंशांच्या पाण्यात शेकायची आणि मग लेझरच्या प्रकाशात तिचं चित्र घ्यायचं, असा तिथला प्रयोग. जिवंत पेशीच्या आत सारखी चुळबुळ चालते, ती पडद्यावर लुकलुकताना दिसते. मेलेली पेशी गप्प पडते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी घेतलेल्या चित्रांत अर्ध्या तासाच्या शेकातच सगळं गप्प झालं होतं. तेव्हा दवाखान्यात कॅन्सरच्या गाठीला असाच शेक घेणाऱ्या रुग्णांनाही तासाऐवजी अर्धाच तास शेक पुरे, असा अहवाल दुपारी जाणार होता. त्या रुग्णांत पाराबाईची थोरली नणंद होती. दोघींचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, तो भाग वेगळा.

पाराबाईचा संशय होता एका टेबलावर. गरम प्लेटची वाफ भिंगावर धरते, म्हणून सरांनीच नियम केला होता, की प्लेट आधी दहा मिनिटं एसीखालच्या स्टीलच्या टेबलावर ठेवायची. पेशी गारठल्या तरी गप्प बसतात, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा सर हसले. बाई, तुम्ही पेशी वाढवा, बाकीचं आमच्यावर सोडा, म्हणाले. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं होतं.

सकाळी तिने एक प्लेट त्याच टेबलावर ठेवली, दहा मिनिटांनी लेझरखाली सरकवली आणि सरांना चहावरून उठवून आणलं. पडदा काळाठिक्कर होता.

"या मेल्यात का?"

"मेल्यातच की. छान आलंय चित्र."

"यांना शेक दिलेलाच नाही."

सर पडद्याजवळ वाकले. तिने प्लेटला अंगाइतकी ऊब दिली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. हळूहळू सगळा पडदा लुकलुकू लागला. मग अर्धा तास शेकलेली प्लेट तशीच उबेला ठेवली. त्यातल्याही निम्म्या पेशी जाग्या झाल्या.

सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं, म्हणाले सर. हे आधी सांगता आलं नसतं का?

"दोनदा सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

सरांनी अहवाल फाडेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग बाहेर येऊन तिने नणंदेला फोन लावला.

"वन्सं, अर्ध्या तासात उठा म्हणाले तरी उठायचं नाही. पूर्ण तास पडून राहायचं."

"आता दवाखान्यातही तुझंच ऐकायचं का?"

"हो," म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं.

नणंद कधी नव्हे ती गप्प झाली. ते गप्प होणं पाराबाईला सहन होईना.

"काहीतरी बोला, वन्सं," ती म्हणाली. "भांडा हवं तर."