रामहरी सरांची डॉलरशी अढी

पुंडलिकनगरात आमच्या खालच्या मजल्यावर रामहरी सर राहतात. मूळचे पाचोडचे, घराणं मेंढपाळाचं. स्वतः मात्र एका संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. मी तिथंच मराठी शिकवतो, म्हणजे स्टाफरूममध्ये माझी किंमत पंख्याखालच्या खुर्चीपेक्षा कमी. सर मला मित्र मानतात, कारण त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणारा दुसरा कुणी उरलेला नाही.

म्हणणं एकच. गणित टाइप करतानासुद्धा ते गणितासारखं दिसलं पाहिजे. सर प्रश्नपत्रिका टेकमध्ये करतात. टेक म्हणजे गणित सुबक छापून देणारी संगणकाची प्रणाली. तिच्यात वर्गमूळ हवं असेल तर लोक एक उलटी तिरपी रेघ मारून पुढं त्याचं इंग्रजी नाव लिहितात आणि अख्खं समीकरण डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये कोंबतात. सरांना दोन्हींचा तिटकारा.

"युनिकोडात वर्गमुळाचं चिन्ह हाय ना? मंग चिन्हच टाकायचं! अन् डॉलर कशापायी? आपलं गणित काय अमेरिकेला विकायचंय?"

असं म्हणून ते √, − आणि ≤ ही चिन्हं थेट मराठी मजकुरात बसवत. स्क्रीनवरची त्यांची फाइल खरोखर वहीतल्या गणितासारखी दिसे, आणि तपासणीही ते त्या फाइलीवरच करत. छापील पान बघायचं ते उलट्या रेघा मारणाऱ्यांनी. आपण काय लिहिलंय हे त्यांना एरवी कळत नाही, असा सरांचा सिद्धांत. जुना फॉन्ट होता तोवर तो सिद्धांत चाललाही.

यंदा दहावी झालेल्या पोरांसाठी संस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा होती, पेपर एकच, गणिताचा, आणि तो सरांकडं आला. पहिला येईल त्याला शहरात वसतिगृह आणि दोन वर्षांचं शिक्षण फुकट. जागा एकच. पेपर हाती यायच्या आधीच सर पाचोडला जाऊन बिरूच्या पोरीला, अंबिकाला, परीक्षेला बसवून आले होते. बिरू मेंढरं राखतो, दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन चाऱ्यामागं निघतो. पोर हुशार आहे हे त्याला मान्य होतं, पण त्यानं अट घातली.

"पहिली आली तं शहरात शिकंल. नाय आली तं माझ्यासंगं मेंढरामागं. मंग पुन्हा साळंचं नाव काढायचं नाय, सर."

सरांनी कबूल केलं. अंबिका पहिली येणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती, आणि तिथंच माशी शिंकली. पेपर देखणा दिसावा म्हणून त्यांनी नवा फॉन्ट घेतला. अक्षरं गोंडस, वळणदार. फक्त त्यात वजाचं आणि वर्गमुळाचं चिन्ह नव्हतं. चिन्ह नसलं म्हणून टेक काही बोंब मारत नाही. मुकाट्यानं जागा रिकामी सोडतं आणि तक्रार लॉग नावाच्या फाइलीत लिहून ठेवतं. ती फाइल सरांनी जन्मात उघडलेली नव्हती. त्यांनी पेपर स्क्रीनवर वाचला, चूक एकही सापडली नाही, छपाईला पाठवून दिला.

परीक्षेला पर्यवेक्षक मी. एक्सचा वर्ग, मग मोकळी जागा, मग पाच एक्स, अशी समीकरणं बघून पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. केंद्रप्रमुख रत्नमाला मॅडम, विषय इतिहास. त्यांनी पेपर उजेडात धरला आणि जाहीर केलं, "रिकाम्या जागा भरा असंल. लिहा रे!"

मग पोरांनी भरल्या. कुणी रिकाम्या जागेत 'आणि' लिहिलं, कुणी 'म्हणून'.

बोभाटा झाल्यावर समितीनं तोडगा काढला. सदोष प्रश्नांना सगळ्यांना पूर्ण गुण. आता सदोष नाही असा प्रश्न पेपरात शोधावा लागत होता, तेव्हा पहिला नंबर जवळजवळ सगळ्यांचाच आला. मग संस्थेचा नियम लागला: गुण सारखे तर वयानं मोठा तो पुढं. सगळ्यात मोठा निघाला इंद्रजीत, कारण त्यानं नववीत दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या. नापास होण्याचं इतकं गोड फळ मी नोकरीत पाहिलं नव्हतं. अंबिका वयानं सगळ्यात धाकटी.

सरांनी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. प्रत्येक मोकळ्या जागेत तिनं पेन्सिलीनं आधी अधिक करून पाहिलं होतं, मग वजा, मग वर्गमूळ, आणि ज्यानं उत्तर नीट सुटतं ते ठेवून पेपर पुरा केला होता. त्या रात्री सर जेवले नाहीत.

इकडं गणिताचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून संस्थेनं सरांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. सरांनी माइक धरला. "चूक माझी आहे. मी छापलेला पेपर बघितलाच नाही. एका पोरीचं नुकसान झालंय. जागा तिला द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष माऊलीअण्णा गहिवरले. "एवढं यश मिळवूनही माणूस कमीपणा स्वतःकडं घेतो, ह्याला म्हणत्यात मोठेपणा!" पुन्हा टाळ्या. मला त्या टाळ्यांचा मनापासून संताप आला, आणि फेट्यातल्या सरांकडं बघवेना.

पुढच्या रविवारी सकाळी मी जिना उतरत होतो, तर सरांच्या दारात बिरू उभा. हातात पत्र्याची ट्रंक, मागं नव्या चपलेत अंबिका. गुणांची यादी फोनवरून पाचोडपर्यंत पोचली होती.

"पैकीच्या पैकी म्हणत्यात, सर. पहिली आली. शब्द म्हंजे शब्द, आणली बघा."

सरांनी त्याला सगळं सांगितलं, फॉन्टपासून वयाच्या नियमापर्यंत. बिरूनं ट्रंक खाली ठेवली.

"म्हंजे तुमच्या कागदावर जे नव्हतं, ते पोरीनं हुडकून लिवलं?"

"व्हय."

"समदं बराबर?"

"समदं."

"मंग पहिली कोण आली, सर?"

आयुष्यभर पोरांना 'उत्तर एका ओळीत लिहा' सांगणारा माणूस उंबऱ्यात मुका उभा होता. अंबिका खाली मान घालून. तेवढ्यात आतून शीलावहिनी हात पुसत आल्या.

"अहो, उत्तर सापडंल तवा सापडंल. आधी पोरीची ट्रंक आत घ्या."